तीन कोऱ्या चौकटी

आदरणीय काका,
सा. न.

‘माझं नाव कुठे घालू नकोस’ असं तुम्ही निघताना बजावलं होतंत, म्हणून घालत नाही. पण आभार मानल्यावाचून मला राहवत नाही.

बहात्तरच्या दुष्काळात साताऱ्यातला आमचा माण तालुका होरपळला आणि पुढच्या वर्षी मृगापासून अण्णांनी अंगणात पर्जन्यमापक बसवून रोजचा पाऊस लिहायला घेतला. १९७३ ते २०११, आठ वह्या. शाळा, शेती, आजारपणं सगळं सांभाळून. जिल्हा एकच, पण महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि आमच्याकडे पाचशेच्या आतबाहेर. एकेका मिलिमीटरचं मोल अण्णांना ठाऊक होतं.

या वह्या दाखवायला तुमच्याआधी मी दोन ठिकाणी जाऊन आले होते. एका ठिकाणी तासभर ताटकळत ठेवलं आणि पिशवीतून वह्या काढायच्या आतच म्हणाले, ‘घरगुती आकडे कोण धरणार?’ दुसरीकडे सांगितलं, आता सगळं संगणकावर मिळतं, या वह्या रद्दीत घाला. रद्दी हा शब्द अजून टोचतो. नाही म्हणायला माझी हरकत नव्हती. पण एक पान तरी उलटून बघायचं होतं हो!

तुम्ही आधी हात धुऊन आलात, कोरडे पुसलेत आणि मग पहिली वही उघडलीत. बराच वेळ काही बोलला नाहीत. पानं उलटत उलटत १९८८च्या सप्टेंबरवर थांबलात. आकडे, शून्यं, पुन्हा आकडे, आणि मध्येच तीन चौकटी कोऱ्या. त्यांवर बोट ठेवून तुम्ही हळूच विचारलंत, ‘या तीन दिवशी घरात काय झालं होतं?’

आजी गेली होती, काका. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, वहीतही कुठे लिहिलेलं नाही. तुम्ही चष्मा काढून ठेवलात आणि म्हणालात, ‘शून्य लिहून टाकणं किती सोपं होतं. त्यांनी लिहिलं नाही. मोजलं नाही तर मोजलं नाही. म्हणजे बाकीची सगळी शून्यं खरी आहेत.’

मी तिथेच रडले. अण्णांना जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्यांच्या सचोटीला इतक्या नेमक्या शब्दांत कुणी दाद दिली नव्हती. तीही आकड्यांनी भरलेल्या पानावरची रिकामी जागा पाहून.

नंतर तुम्ही माझ्या मनातला एक समजही मोडलात, पण किती हळुवारपणे! २००० नंतरचे आकडे घसरलेले दाखवून मी म्हणत होते, बघा, हवामान बदललं. तुम्ही विचारलंत, ‘अंगणात झाड आहे का?’ कडुलिंब आहे, अण्णांनीच लावलेला. मापकापासून चार-पाच पावलांवर. तेव्हा तुम्ही समजावलंत की आडोसा जितका उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर मापक हवा. झाड वाढत गेलं तसा वाऱ्यासोबत येणारा पाऊस अडत गेला असेल. आभाळ बदललं की अंगण, हे आधी तपासायचं. मला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही ते गिळून टाकू शकला असता. टाकलं नाहीत, याबद्दलही आभार.

मग मी विचारलं, एवढ्याशा गावच्या आकड्यांचा उपयोग तरी काय? तुम्ही २६ जुलै २००५ची आठवण काढलीत. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि त्याच मुंबईत कुलाब्याला फक्त ७३. तिथे एकच मापक असता तर? आमच्याकडे म्हातारी माणसं म्हणतात, बैलाचं एक शिंग भिजतं, दुसरं कोरडं राहतं. तुम्ही हसून म्हणालात, ‘मग दोन्ही शिंगांपाशी कुणीतरी मोजायला हवं.’

आयुष्यभर रोज ठरल्या वेळी हवामानाच्या नोंदी घेऊन निवृत्त झालेल्या माणसाला एका मास्तरच्या वहीसाठी अख्खी दुपार द्यायचं काय कारण होतं? चहासुद्धा तुम्हीच केलात. मोठ्या खुर्चीवरच्यांना जमलं नाही ते तुम्ही सहज केलंत, आणि मला वाटतं, तुमच्यासारख्या माणसांमुळेच अण्णांसारखी माणसं वर्षानुवर्षं वह्या भरत राहतात.

यंदा मृगाच्या आधी मापक मोकळ्या परड्यात हलवला. तोंड जमिनीपासून तीस सेंटिमीटरवर, पातळी लावून. हलवल्याची तारीख नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिली. रोज सकाळी साडेआठला मोजते. तरणा पाऊस, म्हणजे पुनर्वसूचा, बरा झाला; म्हाताऱ्यानं, म्हणजे पुष्याच्या पावसानं, मात्र ओढ दिली.

१९ जुलैची चौकट कोरी आहे. त्या दिवशी पोराला घेऊन दवाखान्यात होते. पाऊस झाला असेलही. मी मोजलेला नाही.

तुमची,
अण्णांची मुलगी