कॉटन ग्रीनच्या वखारींची एक ओळ आम्हाला द्या : केंद्रीय बंदरे मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय बंदरे, नौवहन आणि जलमार्ग मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,
स. न. वि. वि.

पत्र मुद्दाम मराठीत लिहितो आहे. ज्या वखारींबद्दल बोलायचे आहे त्यांत राबलेली बहुतेक माणसे घाटावरची आणि कोकणातली होती. त्यांचा विषय दुसऱ्या भाषेत मांडायला माझी जीभ वळत नाही. भाषांतर करणारे आपल्या मंत्रालयात असतीलच.

मी काळाचौकीला राहतो. महापालिकेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालो. हार्बर मार्गावरच्या कॉटन ग्रीन स्टेशनवर पूर्वेला उतरले की समोर कॉटन एक्स्चेंजची इमारत दिसते, आणि तिच्या आसपास मुंबई पोर्टच्या जमिनीवर कापसाच्या जुन्या वखारी पसरल्या आहेत. व्यापारी त्यांना 'जेठा' म्हणत. माझे आजोबा पाटण तालुक्यातून येऊन याच जेठ्यांत हमाल झाले. दाबून बांधलेली कापसाची गासडी पावणेदोनशे किलोच्या आसपास भरे. ती एकट्याने उचलायची चीज नव्हेच. आकडा रुतवायचा, आडवी पाडायची, लोळवत न्यायची आणि टोळीने जोर लावून थप्पीवर चढवायची. आजी सांगायची, ते घरी आले की आधी खोकायचे आणि मग बोलायचे. भुवयांत अडकलेली तूस ती फडक्याने पुसून काढायची. त्यांचा लोखंडी आकडा अजून माझ्याकडे आहे. कुठे ठेवावा ते कळत नाही, म्हणून पंख्याच्या जुन्या खोक्यात पडून आहे.

'कॉटन ग्रीन' या नावाचाही प्रवास ऐकण्यासारखा आहे. ही हिरवळ मूळची कोटातली, आज जिथे हॉर्निमन सर्कल आहे तिथली. मोकळ्या मैदानात गासड्यांचे डोंगर रचत, म्हणून ते कॉटन ग्रीन. १८४४ मध्ये बाजार कुलाब्याला हलवला, नावही सोबत गेले. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात, १८६१ ते १८६५, मुंबईचा कापूस सोन्याच्या भावाने विकला गेला आणि कुलाबा अपुरा पडू लागला. पुढे पोर्ट ट्रस्टने माझगाव ते शिवडी समुद्र हटवून जमीन केली, आणि १९२० च्या दशकात बाजार इथे आला. हिरवळ तर दोन मुक्काम मागेच राहिली होती. १९२१ मध्ये स्थापन झालेली कापूस व्यापाऱ्यांची संघटना मात्र आजही इथल्याच कॉटन एक्स्चेंजमध्ये आहे.

या वखारी आगीला भिऊन बांधल्या आहेत, हे त्यांच्याकडे नीट पाहिले की कळते. जाड भिंती, लाकूड शक्य तिथे टाळलेले, दोन रांगांमध्ये प्रशस्त रस्ता. कापूस काय करू शकतो हे शहराने १४ एप्रिल १९४४ रोजी पाहिले. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकिन' जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे चौदाशे टन दारूगोळाही होता. जहाजाला आग लागली, दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. सातशेहून अधिक माणसे गेली, त्यांत आग विझवायला धावलेले जवानही होते. देशभर अग्निशमन सप्ताह १४ एप्रिलपासून पाळतात तो त्यांच्यासाठी. गोदी भागात मात्र या दिवसाची गोष्ट सांगणारी, शाळेच्या मुलांना घेऊन जाता येईल अशी एकही खोली नाही. मी नोकरीत असताना दरवर्षी वर्गात फळ्यावर जहाज काढून सांगत असे. फळा पुसला की गोष्ट संपली.

वखारी रिकाम्या का पडल्या, हे आपल्याला मी सांगायला नको. पूर्वी गासड्या इथे उतरत, नमुना काढला जाई, धाग्याची लांबी बोटांत ताणून प्रत ठरे, सौदा होई, मग माल गिरणीला किंवा जहाजावर जाई. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मिटत गेल्या. १९८९ मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झाले. आता सरकी काढणाऱ्या जिनिंग फॅक्टरीतूनच कंटेनर भरतो आणि थेट तिकडे जातो. कापूस आमच्या स्टेशनचे फक्त नाव वाचून पुढे जातो म्हणा ना.

मग या इमारतींचे करायचे काय? या प्रश्नाचे मुंबईतले नेहमीचे उत्तर आम्ही जवळून पाहिले आहे. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीसाठी तिसऱ्या हिश्शाचे सूत्र होते: एक भाग मोकळ्या जागेला, एक घरांना, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. गिरणीच्या आवारात रिकामी जमीन असते किती? चाळीतल्या पोरांना वाट्याला आले ते मॉलच्या दारावरच्या पहारेकऱ्याचे काम. २०१८ मध्ये पोर्टला स्वतःच्या जमिनीसाठी विशेष नियोजन प्राधिकरण केले गेले आणि साडेनऊशे हेक्टरांहून मोठ्या क्षेत्राच्या विकास आराखड्याचा मसुदा आला. त्यावर हरकती-सूचना द्यायला आम्हीही रांगेत उभे होतो. नकाशात रंग खूप होते. आमची वस्ती कोणत्या रंगात येते हे शोधायलाच एक दुपार गेली.

पाडण्यापेक्षाही हळू मारणारी गोष्ट आहे ती मुदतीची. गोदाम थोड्या काळासाठी कुणाला वापरायला दिले की तो छप्पर कशाला दुरुस्त करील? गळके पत्रे तो ताडपत्रीने झाकतो. भिंतीत पिंपळ उगवतो, त्याचे मूळ दगडाच्या सांध्यात शिरते, आणि पाच-सात पावसाळ्यांनी एक दिवस 'धोकादायक' अशी पाटी लागते. पाटी लागली की पाडायला कारण मिळते. इमारत वाचवायची तर मुदत लांब हवी आणि डागडुजीची जबाबदारी करारात लिहिलेली हवी, याला दुसरा उपाय नाही.

उत्पन्न बुडेल, असे कुणी आपल्याला सांगेल. पोर्ट ट्रस्टच्या भाडेवाढीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच म्हटले आहे की सार्वजनिक संस्थेने जमीनमालक म्हणून वागताना नफेखोर घरमालकासारखे वागू नये, वाजवीपणा पाळावा. भाडे घ्याच, पण ते सोडून आणखीही काही मोजा.

मागणे मोठे नाही. सगळे जेठे मागत नाही, एक ओळ मागतो आहे.

त्या ओळीत सर्वांत आधी अभ्यासिका हवी. आमच्याकडे दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे राहतात. मुलगी स्पर्धा परीक्षेला बसते तेव्हा ती अभ्यास कुठे करते ठाऊक आहे? घरचे झोपल्यावर, मोरीजवळच्या दिव्याखाली. खासगी अभ्यासिकेत खुर्चीचे महिन्याला पैसे पडतात आणि रात्री दहाला शटर ओढतात. जाड भिंतींच्या, उंच छताच्या वखारीत उकाडा कमी असतो, रस्त्याचा आवाज आत येत नाही. पुस्तक वाचायला याहून चांगली जागा आर्किटेक्टने मुद्दाम आखली तरी अशी जमायची नाही. फक्त ती रात्रभर उघडी हवी, आणि बायकांचे स्वच्छतागृह खरोखर चालू हवे. दुसऱ्या वखारीत गोदी आणि जेठ्यांतल्या कामगारांची वस्तुस्मृती: आकडे, तराजू, मुकादमाच्या वह्या, टोळीच्या हजेऱ्या, आणि हयात असलेल्या म्हाताऱ्यांचे ध्वनिमुद्रण. माझ्या खोक्यातला आकडा पहिला देईन. हमालांना संरक्षण देणारा माथाडी कायदा १९६९ मध्ये या राज्यात झाला तो ओझी वाहणाऱ्या अशाच पाठींमुळे. त्या पाठींचे संग्रहालय वखारीच्याच ओट्यावर झाले तर पाट्यांवर फार लिहावे लागणार नाही. उरलेल्या जागेत एक सभागृह पुरे, जिथे भजनी मंडळाला, नाटकाच्या तालमीला आणि लग्नालाही परवडेल. लग्न म्हटले की अधिकारी नाक मुरडतात हे मला माहीत आहे. पण जिथे लग्न लागते ती जागा लोक मोडू देत नाहीत.

दुसरीकडे हे झालेले आहे. लिव्हरपूलचा अल्बर्ट डॉक १८४६ मध्ये उघडला, तोही विटा, दगड आणि लोखंडाचा, आगीला भिऊन बांधलेला. १९७२ मध्ये बंद पडला, आणि नंतर त्याच वखारींत सागरी संग्रहालय आणि कलादालन आले. इतके लांब जायचे नसेल तर कोचीला जा. फोर्ट कोचीतले आस्पिनवॉल हाऊस ही मसाल्याच्या आणि कॉयरच्या व्यापाराची जुनी वास्तू २०१२ पासून बिनाले या दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनासाठी उघडली आणि गावची माणसे तिथे आत जाऊ लागली. आपल्याच ससून डॉकमध्ये, १८७५ च्या त्या गोदीत, २०१७ च्या अखेरीस जुन्या गोदामात कलाप्रदर्शन भरले होते. भिंतींवर कोळणींचे प्रचंड चेहरे, बाहेर कोळंबी सोलणाऱ्या खऱ्या कोळणी. मी दोनदा गेलो, छान वाटले. दोन महिने व्हायच्या आत ते आटोपले. माझी तक्रार एवढीच की मुंबईत गोदामाचे दार उघडते ते पाहुण्यासारखे, मुक्कामाला नाही.

पैशांचे म्हणाल तर २०२१ च्या महापत्तन प्राधिकरण कायद्यात बंदरांना आपला निधी शिक्षण, आरोग्य, कौशल्य प्रशिक्षण, करमणूक अशा सुविधांवर, कर्मचाऱ्यांसाठी आणि स्थानिक लोकांसाठी खर्च करण्याची मुभा आहे. स्थानिक लोक म्हणजे आम्ही. शिवडीच्या बीडीडी चाळी पोर्टच्या जमिनीवर आहेत, त्यामुळे वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या चाळींचा पुनर्विकास पुढे सरकला तरी त्या मागे राहिल्या. जमीन केंद्राची, माणसे राज्याची, आणि चाळ गळते ती दोघांच्या मधोमध. वखारींचे तसे होऊ देऊ नका. त्यासाठी आपली, राज्याची आणि महापालिकेची सही एकाच कागदावर हवी. तीन वेगवेगळ्या फायली निघाल्या तर मी तरी तो दिवस बघणार नाही.

आपण मुंबईला येता तेव्हा क्रूझ टर्मिनल दाखवतात, अटल सेतू दाखवतात. पुढच्या वेळी हार्बर लोकलने कॉटन ग्रीनला या. गाडी फार थांबत नाही, म्हणून दाराशी आधीच उभे राहावे लागेल. पूर्वेला उतरा. वखारीची किल्ली पोर्टच्या इस्टेट विभागाला आणायला सांगा. आकडा घेऊन मी ओट्यावर थांबतो.

आपला नम्र,
काळाचौकीचा एक निवृत्त शिक्षक