कलेजीतला किडा आणि चुकलेला महिना : पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य
स. न. वि. वि.

आमच्या भंडारा-गोंदियाकडे खाटकानं कलेजी कापली की कधीकधी पित्तनळीतून पानासारखा चपटा किडा निघतो. तो किडा फेकतो आणि पुढचा वाटा करायला घेतो. हाच पर्णकृमी, डॉक्टरांचा लिव्हर फ्ल्यूक. म्हैस आटते, जबड्याखाली पाण्याची थैली लोंबते, तेव्हा शंका याचीच घ्यावी.

शेणातून त्याची अंडी मामा तलावात (जुन्या मालगुजारी तलावात), बोडीत म्हणजे लहान तळ्यात जातात. अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम दिवसभर जगतं. तेवढ्यात पातळ कवचाची लिम्निया गोगलगाय सापडली तर ठीक, नाहीतर मेलं. सापडली की तिच्या अंगात एकाचे शेकडो होतात. दीड-दोन महिन्यांनी शेपटीवाली पिल्लं बाहेर पडून काठच्या गवताला, धानाच्या बुडाला चिकटतात, शेपटी टाकून कवचात बसतात. जनावरानं ते गवत खाल्लं की आतडं भेदून थेट काळजात म्हणजे यकृतात, आणि तिथं कित्येक आठवडे नुसतं पोखरणं.

(२०२२ साली लातूर-बीडच्या सोयाबीनवर गोगलगायी पडल्या तेव्हा सरकारनं मदत दिली. आमची गोगलगाय पीक खात नाही, म्हणून ती कुणाला दिसत नाही.)

माझ्या म्हशीला पावसाळ्याआधी शिबिरात जंताचं औषध पाजलं होतं. धान कापणीच्या सुमारास ती खंगली. शेण तपासलं, अंडी नाहीत. असणार कशी? पोटात गेल्यापासून तीन-चार महिने हा किडा अंडीच घालत नाही. तोवर अहवाल चांगला आणि काळीज चाळणी. ऑक्सिक्लोझानाइड हे औषध मोठे किडे मारतं, कोवळ्यांना ट्रायक्लाबेंडाझोल लागतं. दवाखान्यात विचारलं तर ‘जंताचं औषध आहे ना’ एवढंच उत्तर.

जूनचा डोस बंद करा असं मी म्हणत नाही; त्यानं तलावात जाणारी अंडी कमी होतात. पण पाऊस सरल्यावर, कोवळे किडे काळजात असताना, तलावाकाठच्या गावांत दुसरा डोस हवा आणि तो कोवळ्यांवर चालणारा हवा. औषधानंतर किती दिवस दूध विकायचं नाही, तेही पाटीवर लिहून लावा. आणि तालुक्याच्या डॉक्टरांना एकदा बोडीच्या काठावर गोगलगायी वेचायला पाठवा. कुठल्या बोडीत लिम्निया आहे हे कळलं, तर निदान कोवळी गुरं तरी आम्ही दुसरीकडे चारू.

आपला,
तलावाकाठचा एक म्हैसवाला