जाळी काढून झाल्यावर भरणारा वर्ग

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

नाव लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून नुसतं 'सर'. उजनीच्या काठचे लोक ओळखतीलच.

आम्हा करमाळा तालुक्यातल्या होडीवाल्यांना पाण्यात जीव कसा वाचवायचा ते शिकायचं नव्हतं असं नाही. 21 मे 2024 ला कुगाव आणि कळाशीच्या मध्ये वादळी वाऱ्यात बोट उलटली, सहा माणसं गेली. तेव्हापासून घरोघरी धास्ती आहे. अडत होतं ते वेळेवर. संध्याकाळी जाळी टाकायची, पहाटे काढायची, आणि चिलापी वेळेत भिगवणच्या बाजारात पोचली नाही तर भाव पडलाच. आधी कानावर आलेले वर्ग सगळे सकाळी दहा ते पाच, तेही सलग. एक दिवस बुडाला की नाव कमी. ज्याचं पोट पाण्यावर, तोच वर्गाबाहेर!

तुम्ही मात्र आल्या आल्या विचारलंत, "जाळी कधी काढता?" आणि वेळापत्रक त्यावरून बसवलंत. तोंडी धडे दुपारी जेवणं आटोपल्यावर, समाजमंदिरात. पाण्यातला सराव सकाळी, बाजार उरकून आल्यावर लगेच, कारण उन्हाळ्यात दुपार कलली की वारा सुटतो. एखादा धडा हुकला तर शेजारच्या गावच्या तुकडीत जाऊन बसायचं. माझ्या धाकट्या भावाचे निम्मे धडे असेच झाले. बायकांची तुकडी वेगळी, त्यांच्या सवडीनं. यासाठी सोलापूरहून एसटीनं तुम्ही किती हेलपाटे घातलेत, ते आम्ही बघितलंय. गाडी चुकली की आमच्याकडेच मुक्काम, शेंगाचटणी-भाकरीवर.

वेळेत सूट दिलीत, शिकवण्यात नाही. आमचे चुलते म्हणाले, "जन्म पाण्यात गेला, मला कशाला जाकीट?" तुम्ही वाद घातला नाहीत. जाकीट घालायला लावलंत, पट्टे सैलच ठेवलेत आणि त्यांना छातीभर पाण्यात उतरवलंत. जाकीट थेट कानापर्यंत वर आलं, चुलते खाली! काठावर हशा पिकला. मग पट्टे आवळून तुम्ही जाकीट दोन्ही खांद्यांशी धरून वर ओढून दाखवलंत. हनुवटीला लागलं तर अजून आवळायचं. आता चुलते होडीत बसणाऱ्या प्रत्येकाचं जाकीट असंच ओढून बघतात, पाहुणा असो की सरपंच.

उलटलेली होडी सोडून काठाकडे पोहत सुटायचं नाही, तिलाच धरून राहायचं. बुडणाऱ्याला आधी बांबू नाहीतर दोर द्यायचा, उडी अगदी शेवटी. हे आता आमच्या पोरांनाही पाठ आहे.

सर, एक मागणं. ऊसतोडीला गेलेली पोरं राहिली आहेत. कारखाने बंद झाले की ती परततील, तेव्हा त्यांची एक तुकडी घ्याल का? समाजमंदिराची किल्ली माझ्याकडेच आहे. तारीख कळवा, निरोप मी देतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
उजनीकाठचा एक होडीवाला