प्रदर्शन तीन दिवसांत गुंडाळू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

'कोल्हापुरात चित्रं बघायला माणूस येत नाही' अशी तक्रार करणारं पत्र आपल्या अंकात वाचलं. मी चित्रकार नव्हे. शिवाजी पेठेत माझं फ्रेमचं दुकान आहे. देवाच्या तसबिरी, लग्नाचे फोटो यांच्या जोडीला इथल्या चित्रकारांच्या प्रदर्शनांच्या फ्रेमा करतो आणि भिंतीवर टांगूनही देतो. त्यामुळे प्रदर्शनाचा पहिला दिवसही बघतो आणि शेवटचाही. माझं म्हणणं एवढंच की माणूस यायच्या आतच आपण चित्रं उतरवतो.

नेहमीचा प्रकार असा. हॉल तीन दिवस, फार तर पाच दिवस भाड्यानं. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत टांगाटांगी, संध्याकाळी दीपप्रज्वलन, पाहुण्यांची भाषणं, चहा. गर्दी असते ती घरच्यांची आणि मित्रांची, आणि भाषणं चालू असताना सगळ्यांची पाठ चित्रांकडं! दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. ती वाचून 'रविवारी जाऊया' म्हणणाऱ्याचा रविवार उजाडेपर्यंत मी शिडी लावून चित्रं खाली उतरवायला लागलेला असतो. मुंबईतही फार वेगळं नाही. जहांगीर कलादालन १९५२ पासून उभं आहे, तिथल्या तारखेसाठी चित्रकार वर्षानुवर्षं थांबतात. मिळतो एक आठवडा, आणि वेळ सकाळी अकरा ते संध्याकाळी सात. नोकरी करून लोकल गाठणाऱ्यानं बघायचं कधी?

आमच्या मागच्या गल्लीत काही तरुण चित्रकारांनी मिळून एका जुन्या घराचा खालचा भाग भाड्यानं घेतलाय. मागच्या खोलीत काम, पुढच्या सोप्यात प्रदर्शन. चित्रं महिनाभर लागलेली असतात, दार रात्री नऊपर्यंत उघडं. उद्घाटन नाही, पाहुणे नाहीत. लाईटही साधाच, पण काचेवर ट्यूबची रेघ उमटू नये म्हणून चित्रं जरा पुढं झुकवून टांगलीत. पावसाळ्यात जलरंगाची चित्रं मी मुद्दाम जाड माउंट, म्हणजे काच आणि चित्र यांच्यात अंतर ठेवणारा पुठ्ठा, घालून करून देतो, कागद काचेला चिकटला की बुरशी आलीच. हॉलमधल्या तीन दिवसांसाठी एवढी उठाठेव कोण करतो? महिनाभर टांगायचं म्हटलं की करावी लागते.

तिथं परवा एका पोरीनं २०१९ च्या पुराचं चित्र काढायला घेतलं होतं. पंचगंगेचा घाट, देवळांचे फक्त कळस वर, आणि पाणी निळसर. शेजारचे रिक्षावाले मामा चहाचा ग्लास घेऊन दारात उभे. म्हणाले, "पोरी, पुराचं पाणी असलं कुठलं गं? लाल गढूळ असतंय ते. आणि वास असतोय." पोरगी म्हणाली, "मामा, वास कसा काढायचा ते सांगा की." मग मामा आत आले, स्टुलावर बसले आणि कुठल्या पायरीपर्यंत पाणी कसं चढलं ते हातानं दाखवत राहिले. तिनं पाण्याचा रंग बदलला नाही. मामा मात्र दोन दिवसांनी बायकोला घेऊन आले, 'बघ, अजून निळंच ठेवलंय' असं सांगायला. हॉलमधल्या प्रदर्शनात हाच माणूस चपला काढाव्यात की नाही या विचारात दारातनंच परत गेला असता.

कोल्हापूरकराला हे नव्यानं सांगायला नको. खासबागेत कुस्ती बघणारा माणूस तालमीतली मेहनतही बघायला जातो, म्हणून त्याला डाव कळतो. चित्रकाराची मेहनत आपण कधी दाखवलीच नाही. ज्या गावात बाबूराव आणि आनंदराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत होते, अबालाल रहिमान रंगपेटी घेऊन रानोमाळ हिंडत होते, तिथं ही वेळ यावी याचं वाईट वाटतं.

मुंबईत वॉर्डन रोडला भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये पन्नास-साठच्या दशकांत हुसेन, गायतोंडे, तय्यब मेहता या चित्रकारांना काम करायला जागा मिळाली होती. तिथंच अल्काझींच्या नाटकांच्या तालमी, तिथंच पंडित रविशंकरांची संगीतशाळा. जागा जवळजवळ फुकटात होती म्हणून हे जमलं. आपल्याकडं सार्वजनिक मालकीच्या कितीतरी खोल्या कुलपात पडून असतात. त्यातल्या एक-दोन अशा गटांना वर्षभराच्या करारानं द्याव्यात. नवीन कलादालन बांधायची घोषणा नको, त्याचं उद्घाटन होईपर्यंत ही पोरं पुण्याला जातील.

चित्रकारांनाही दोन शब्द. चित्राखालची चिठ्ठी मराठीत लिहा. विकायचं नसेल तर 'एनएफएस' कशाला, 'विक्रीसाठी नाही' लिहा. आणि विकलेल्या चित्राला लाल टिकली लावता, तिचा अर्थ कुठंतरी लिहून ठेवा. एका आजींनी मला विचारलं होतं, "ही नापास झालेली का?"

माझा धंदा चालावा म्हणून हे लिहितोय असं कुणी म्हणेल. म्हणू दे, चालला तर वाईट काय? पण ज्या गटाला खोली मिळेल त्यांच्या पहिल्या प्रदर्शनाची टांगणी मी फुकट करून देईन. शिडी, नायलॉनची दोरी आणि खिळे माझे. भिंतीला ओल नाही ना, तेवढं आधी बघून घ्या.

आपला,
एक फ्रेमवाला
शिवाजी पेठ, कोल्हापूर