एसी बदलतेय, रागावू नका

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आधी पूर्ण वाचा, मग फोन करा. तुमच्या खोलीतला एसी मी बदलतेय. पैसे भरून झालेत, गुरुवारी म्हापशाहून माणसं येतील. विचारलं असतं तर ‘चालतोय की अजून’ म्हणाला असता, म्हणून विचारलंच नाही.

चालतोय कसला? दर एप्रिलला मेकॅनिक येतो, ‘गॅस संपला’ म्हणत भरून जातो. गॅस काही पेट्रोल नव्हे संपायला, बंद नळीत तोच तो फिरत असतो. कमी होतो म्हणजे गळतोय. मांद्र्याच्या खाऱ्या वाऱ्यानं मागची कॉइल खाऊन टाकलीय. त्यात आत जुना आर-२२ गॅस. ओझोनला मारक म्हणून २०३० पर्यंत तो आपल्याकडे बंद करायचं ठरलंय. नव्यात आर-३२ आहे, शिवाय इन्व्हर्टर, म्हणजे कॉम्प्रेसर हळूहळू फिरत राहतो, मध्यरात्री धाडकन सुरू होत नाही. त्या आवाजानं आईची झोप मोडते. तुम्हाला नाही सांगत, मला सांगते. (आई, सांगून टाकलं गं.)

तो एसी आजीसाठी आणलेला, हे का मी विसरेन? त्या मे महिन्यात मी तिच्या खाटेशेजारी खालीच झोपायचे. तुम्ही रात्री उठून तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं करायचात, जाता जाता माझंही. मी जागी असायचे, पण डोळे मिटून पडून राहायचे. म्हणून जुना एसी लगेच भंगारात घालू नका, पडवीत ठेवा. द्यावासा वाटेल तेव्हा द्या. आणि न्हाणीतल्या पाणी तापवायच्या भाणाला, नारळाच्या सोडणांच्या ढिगाला मी हात लावत नाही. ते आईचं राज्य.

आता ऐका. चिऱ्याच्या भिंतीला भोक गोल कटरनं पाडायला सांगा, छिन्नी नको. भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं हवं, नाहीतर जूनमध्ये पाणी घरात. नळ्या जोडल्या की व्हॅक्यूम पंप लावल्याशिवाय गॅस सोडू द्यायचा नाही. घाईत नेमकं तेच गाळतात, तिथे उभे राहा. बाहेरचा डबा समुद्राकडे नको, परसात बसवा. पाण्याची नळी तुळशीकडे नाही, केळीत.

सुरू केला की तो २४ वर येतो, तिथेच असू दे. आई, १८ करून वर गोधडी घ्यायची नाही! पावसाळ्यात ड्राय मोड लाव, कपाटातल्या साड्यांना बुरशी कमी धरेल. बाबा, प्रेशरची गोळी चुकवू नका आणि तहान नसली तरी पाणी प्या. या वयात तहान कळत नाही.

फिल्टर महिन्यातून एकदा धुवायचा, पण स्टुलावर तुम्ही चढायचं नाही. शेजारच्या मुलाशी मी बोललेय, तो येईल. त्याला चहा देऊन सोडू नका, पैसेही द्या. नको म्हणेल, तरी द्या.

चवथीला येतेच आहे.

तुमची,
बाय