विरोध सौरऊर्जेला नाही, गायरान परस्पर देण्याला आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एखाद्या गावाने सौर प्रकल्पाचे काम थांबवले की ‘लोकांनाच विकास नको’ असा शेरा मारला जातो. तालुक्याच्या बैठकीत तो मी नुकताच पुन्हा ऐकला. मी चार एकर कसणारा शेतकरी आहे, सौरऊर्जा मला मनापासून हवी आहे, आणि तो शेरा मला लागला.

हवी का, तेही सांगतो. रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायचे तर आठवड्यातले काही दिवस मोटारीची लाइन रात्रीच असते. कडाक्याच्या थंडीत हातात बॅटरी घेऊन दारे धरायची, पाय चिखलात आणि लक्ष साप-विंचवाकडे. माझ्या चुलतभावाला असेच रात्री पाणी देताना पान लागले, म्हणजे साप चावला. तो वाचला, पण त्या दिवसापासून त्याची आई त्याला रात्री शेतात जाऊ देत नाही. मग पीक वाळते. दिवसा वीज मिळणे याचा अर्थ आमच्यासाठी एवढा सरळ आहे.

शिवाय मराठवाड्याइतका कोळशाच्या विजेचा धडा दुसऱ्या कोणाला मिळाला असेल? 2015 च्या दुष्काळात परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. पुढच्याच वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. जिथे माणसांना पाणी पुरत नाही तिथे वाफेवर वीज किती दिवस काढणार? ऊन मात्र आमच्याकडे आठ-नऊ महिने रखरखीत असते.

म्हणून 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली तेव्हा बरे वाटले. वीज उपकेंद्राच्या जवळपास सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज शेतीच्या फिडरला, म्हणजे शेतीपंपांच्या वाहिनीला, दिवसा द्यायची, ही कल्पना चांगलीच आहे. 2023 पासून तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. त्यातला 3 मेगावॅटचा प्रकल्प वैजापूर तालुक्यात धोंदलगावला 2024 मध्ये सुरूही झाला. म्हणजे हे होऊ शकते.

अडते ते जमिनीपाशी. खाजगी जमीन दिली तर मालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी वाढ. गायरान, म्हणजे गावच्या गुरांसाठी राखलेली सरकारी जमीन, मात्र नाममात्र भाड्यात जाते, त्यामुळे सगळ्यांचा डोळा गायरानावर. पण गायरान मोकळे पडलेले नसते. तिथे शेळ्या-मेंढ्या चरतात, आणि मराठवाड्यात कितीतरी ठिकाणी भूमिहीन, बहुतांशी दलित कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तिथे ज्वारी-तूर पेरत आली आहेत. आंबेडकरी चळवळीतले नेते दादासाहेब गायकवाडांनी 1964 मध्ये भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह केला तो याच प्रश्नासाठी. 14 एप्रिल 1990 पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय सरकारनेच घेतलेला आहे, तरी अनेकांच्या नावावर सातबारा अजून झालेला नाही. कागदावर तो माणूस अतिक्रमणदार, म्हणून त्याला विचारायचेही कारण उरत नाही.

आमच्या गावात काय झाले? ग्रामसभेला गणपूर्ती, म्हणजे लागते तेवढी किमान हजेरी, झाली नाही, म्हणून ती तहकूब केली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. त्या सभेला जेमतेम वीस-पंचवीस माणसे होती, एकही बाई नव्हती, गायरानात पेरणाऱ्यांपैकी कोणी नव्हते, आणि गायरान प्रकल्पाला देण्याचा ठराव मंजूर झाला. पुढे मोजणीला माणसे आली तेव्हा म्हाताऱ्या बायका शेतात आडव्या पडल्या. त्यांना सौर म्हणजे काय हे कोणी आधी समजावले होते? आपली पेरणी जाणार, एवढेच त्यांना कळले, आणि ते खरेच होते.

राजकीय इच्छाशक्ती म्हणतात ती मला इथे हवी आहे. मोफत विजेची घोषणा करायला सगळे पुढे असतात, उद्घाटनाची फीत कापायलाही. पण गावात बसून ‘या जमिनीवर कोणाचे पोट आहे’ हे विचारायला कोणी पुढारी येत नाही, कारण त्यातून कोणीतरी नाराज होणारच. या योजनेत ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाखांप्रमाणे तीन वर्षे पैसे मिळतात. त्यातला ठरलेला हिस्सा गायरान कसणाऱ्या कुटुंबांना द्या, पॅनल धुण्याचे आणि राखणीचे काम त्यांच्याच घरातल्यांना द्या, जिथे खडकाळ पड आहे तिथून सुरुवात करा. मेंढ्यांना पॅनलखालच्या गवतावर चरू देण्यात काय अडचण आहे, हेही मला कोणी सांगितलेले नाही.

आमच्याही काही चुका आहेत. ‘फुकट वीज मिळतेच आहे, मग सौर कशाला’ असे म्हणणारे बागायतदार गावात आहेत, आणि गायरानवाल्यांची बाजू घ्यायला ते आले नाहीत. मीही त्या तहकूब सभेला गेलो नव्हतो, सोयाबीनची मळणी चालू होती.

येत्या 26 जानेवारीला ग्रामसभा आहे. आमदारांनी आणि वीज कंपनीच्या अभियंत्यांनी गट नंबर टाकलेला नकाशा घेऊन यावे. सभा गायरानाजवळच्या वस्तीवर, संध्याकाळी बायका कामावरून परतल्यावर घ्यावी. मी या वेळी घरोघर सांगत फिरणार आहे.

– एक शेतकरी वाचक, ता. कळंब, जि. धाराशिव