साहेब, तपासणी झाली, आता तरी संडास उघडा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
स.न.वि.वि.

गेल्या मंगळवारी नाशिकच्या एका सरकारी रुग्णालयात माझी आई पडली. वय 71, शुगर आहे. वॉर्डातल्या संडासाला कुलूप. "उद्या कायाकल्पची तपासणी आहे, घासून ठेवलंय, खालच्या मजल्यावर जा," सिस्टर म्हणाल्या. कायाकल्प म्हणजे सरकारी रुग्णालयांच्या स्वच्छतेला गुण आणि बक्षीस देणारी योजना. लिफ्ट बंद. माझ्या एका हातात सलाइनची बाटली, दुसऱ्या हातात आई. सातव्या पायरीवर तिचा पाय सटकला आणि खुबा मोडला. शुगरसाठी आणलेली आई आता हाडांच्या वॉर्डात आहे.

बुधवारी कुंड्या आल्या, हिरव्या चादरी आल्या. तपासणीवाल्यांना संडास लखलखीत दिसला. दिसणारच, कोणी वापरलाच नव्हता! गुरुवारी चादरी परत कपाटात.

ही कायाकल्प योजना 2015 ची. किमान 70 टक्के गुण लागतात, पहिल्या आलेल्या जिल्हा रुग्णालयाला 50 लाखांपर्यंत बक्षीस. वर राष्ट्रीय दर्जाचं प्रमाणपत्र मिळालं, की जिल्हा रुग्णालयाला दर खाटेमागे वर्षाला 10,000 रुपये, तीन वर्षं. खाटेला 30,000! आईच्या खाटेला साधा कठडा नाही. बक्षिसातला चौथा हिस्सा कर्मचाऱ्यांचा म्हणे. संडास घासणाऱ्या कंत्राटी मावशींना विचारलं. "मागच्या खेपेला पेढा मिळाला, दादा."

चांगल्या कामाला पैसे द्यावेत, माझी हरकत नाही. पण मी 22 वर्षं सातपूरच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. ऑडिटसाठी वेगळा माल काढून ठेवला, तर आमच्याकडे नोकरी जाते. तुमच्याकडे सत्कार होतो. तपासणी न सांगता करा, रात्री दोनला करा. अभिप्रायासाठी रुग्णाला मोबाइलवर मेसेज पाठवून मत विचारणारं सरकारचं 'मेरा अस्पताल' आहे म्हणाल, तर आईच्या केसपेपरवर मोबाइल नंबरच चुकीचा लिहिलाय. आता तो मेसेज कोणाला जाणार, देव जाणे.

आणि एकट्या रुग्णालयाचं काय घेऊन बसलात? साहेब यायचे म्हणून शाळेच्या भिंती रंगतात, मंत्री यायचे म्हणून रात्रीतून खड्डे बुजतात. 2027 च्या सिंहस्थाला आमचं नाशिकही चकाचक होईल, बघाच. पाहुण्यांसाठी सगळं, घरच्यांना कुलूप.

आपला,
एक नाशिककर

ता.क. आज सोमवार. कुलूप तसंच आहे. सिस्टर म्हणतात किल्ली स्टोअरमध्ये, स्टोअरवाले म्हणतात सिस्टरकडे.